सुरक्षा-चाचणीच्या सॉफ्टवेअरमधील कोडची गुंतागुंत आणि वाचनीयता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील दोन प्रकारच्या वाचकांना समोर ठेवून ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पहिले, अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात सुरक्षा-चाचणीचे एखादे टूल प्रकल्प म्हणून निवडणारे विद्यार्थी. दुसरे, उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील कारखान्यांसाठी किंवा सौहार्द सहकारी संस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहिताना स्वतःच्या तपासणी-स्क्रिप्ट तयार करू लागलेले छोटे गट. प्रोग्रामिंगची प्राथमिक ओळख गृहीत धरली आहे.

सुरक्षा-चाचणीच्या सॉफ्टवेअरमध्ये काय काय येते, आणि त्याच्या मोजमापाचा वेगळा विचार का करावा लागतो?

नेटवर्कवरील उघडे पोर्ट शोधणारे एनमॅप, वेब अ‍ॅप्लिकेशन तपासणारे झॅप, डेटाबेसला बाहेरून आज्ञा घुसवू देणाऱ्या, म्हणजे इंजेक्शनच्या, त्रुटी शोधणारे एसक्यूएलमॅप, पॅकेट उलगडून दाखवणारे वायरशार्क, ज्ञात त्रुटींचा प्रत्यक्ष वापर करून पाहणारे मेटास्प्लॉइट आणि प्रोग्रामला वेडेवाकडे इनपुट देत राहणारे एएफएलसारखे फझर ही या वर्गातील परिचित नावे आहेत. संस्थेने स्वतःपुरती लिहिलेली दोनशे ओळींची पायथॉन स्क्रिप्टही याच वर्गात मोडते.

वेगळा विचार करावा लागतो तो चुकीच्या परिणामामुळे. पावती छापणाऱ्या प्रोग्राममध्ये बग असेल तर पावती चुकीची येते आणि काउंटरवरचा माणूस लगेच ओरडतो. तपासणीच्या टूलमध्ये बग असेल तर बहुतेक वेळा काहीच घडत नाही. अहवालात ‘त्रुटी आढळली नाही’ असे छापून येते आणि ते खोटे आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही. उद्यमबागेतील मशीन शॉपमध्ये झिजलेला गेज जसा प्रत्येक खराब नगाला ‘पास’ करत राहतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे अशा टूलमधील ‘त्रुटी आहे की नाही’ हे ठरवणारा भाग दुसऱ्या माणसाने वाचून पडताळण्याजोगा असणे, ही त्या टूलच्या उपयुक्ततेची पहिली अट ठरते. पुढील बहुतेक उत्तरे याच अटीकडे परत येतात.

सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी म्हणजे काय?

थॉमस मॅककेब यांनी १९७६ मध्ये मांडलेले हे माप आहे. फंक्शनचा प्रवाह गाठी आणि कडा यांच्या आलेखाच्या रूपात काढला, तर कडांच्या संख्येतून गाठींची संख्या वजा करून त्यात २ मिळवले की त्या फंक्शनमधील परस्परांपासून स्वतंत्र वाटांची संख्या मिळते. व्यवहारात आलेख कोणी काढत नाही. एकपासून सुरुवात करून प्रत्येक इफ, प्रत्येक लूप, स्विचमधील प्रत्येक केस आणि बहुतेक टूल्समध्ये अटीतील प्रत्येक ‘अँड’ व ‘ऑर’ यांसाठी एकेक मिळवत गेले की तोच आकडा हाती येतो.

या आकड्याचा मूळ उपयोग चाचणीशी जोडलेला आहे, हे अनेकदा विसरले जाते. फंक्शनचा आकडा १२ असेल तर त्यातील मूलभूत वाटा तपासण्यासाठी १२ टेस्ट केस लागतात, असा त्याचा थेट अर्थ आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संरचित चाचणीवरील पुस्तिकेत हीच पद्धत सविस्तर दिली आहे.

मग कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटी हे आणखी एक माप कशासाठी?

मॅककेब यांचे माप वाटा मोजते, वाचणाऱ्याला होणारा त्रास मोजत नाही. एकाखाली एक लिहिलेले चार इफ आणि एकाच्या पोटात दुसरा असे रचलेले चार इफ यांना ते सारखाच आकडा देते. सोनारसोर्स या कंपनीने मांडलेल्या कॉग्निटिव्ह कॉम्प्लेक्सिटीत नेस्टिंगच्या प्रत्येक पातळीमागे जादा गुण आकारले जातात, तर संपूर्ण स्विचसाठी, त्यात कितीही केस असल्या तरी, एकदाच आकारणी होते.

एक उदाहरण घेऊन दोन्ही मापे पाहू. एका सहकारी संस्थेच्या सभासद-पोर्टलवरील काही पाने लॉगिनशिवाय उघडतात का, हे पाहणारे एक फंक्शन आहे असे समजा. त्यात पत्त्यांच्या यादीवर एक फॉर लूप फिरतो; लूपच्या आत ट्राय-एक्सेप्ट आहे; ट्रायमध्ये ‘उत्तराचा कोड २०० आहे का’, म्हणजे पान मिळाले का, हा इफ; त्याच्या आत ‘पानावर खातेउतारा दिसतो आणि पासवर्डची चौकट दिसत नाही’ असा अँडने जोडलेला दुसरा इफ; आणि एक्सेप्टमध्ये फक्त ‘पुढे चला’ एवढेच लिहिले आहे.

रेडॉन हे पायथॉनचे टूल मोजते त्या रीतीने मॅककेबचा आकडा असा येतो: मूळ १, फॉरचा १, एक्सेप्टचा १, दोन इफचे २ आणि अँडचा १, एकूण ६. कॉग्निटिव्ह पद्धतीत फॉरला १, लूपच्या आत असल्यामुळे पहिल्या इफला २, त्याच्याही आतल्या इफला ३, अँडला १ आणि एक्सेप्टला २, असे ९ होतात. ट्रायला स्वतःचा गुण नाही.

आता या फंक्शनचे दोन भाग करू. पहिला भाग यादीवर फक्त लूप फिरवतो. दुसरा भाग एकच पान घेऊन ‘उघडे’, ‘बंद’ किंवा ‘ठरवता आले नाही’ यांपैकी एक उत्तर देतो, आणि त्यात कोड २०० नसल्यास सुरुवातीलाच बाहेर पडतो, त्यामुळे दुसरा इफ पहिल्याच्या पोटात राहत नाही. मॅककेबचे आकडे २ आणि ५ होतात, म्हणजे बेरीज ६ वरून ७ वर चढते. कॉग्निटिव्हचे आकडे १ आणि ४ होतात, म्हणजे बेरीज ९ वरून ५ वर उतरते. एका मापाच्या मते कोड किंचित बिघडला आणि दुसऱ्याच्या मते जवळजवळ निम्म्याने सुधारला. माझा कल दुसऱ्या मापाकडे आहे, पण त्याहून मोठा फायदा या दोन्ही मापांच्या नजरेतून सुटतो: एक्सेप्ट आता गप्प बसत नाही, ‘ठरवता आले नाही’ असे स्पष्ट सांगतो. याविषयी पुढे एक स्वतंत्र प्रश्न आहे.

मर्यादा किती ठेवावी? १० हा आकडा कुठून आला?

१० ही मर्यादा मॅककेब यांच्या मूळ लेखातच सुचवलेली आहे, आणि स्वतंत्र केसेसची लांबलचक यादी असलेल्या स्विचला त्यांनी तेथेच सूट दिली होती. निस्टच्या पुस्तिकेत १० पासून सुरुवात करावी आणि अनुभवी गटाने सबळ कारण असल्यास १५ पर्यंत जावे, असा सूर आहे.

टूल्सचे आपसात एकमत नाही. लिझार्ड हे टूल १५ च्या पुढे इशारा देते, जावास्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंटचा नियम कोणताही आकडा न दिल्यास २० धरतो, रूबी भाषेचा रुबोकॉप ७ वरच थांबतो आणि रेडॉन १ ते ५ ला ‘ए’ श्रेणी, ६ ते १० ला ‘बी’, ११ ते २० ला ‘सी’ अशा श्रेणी देते. त्यातही मोजण्याची रीत सारखी नसते. पायथॉनमधील मॅककेब नावाचे मॉड्यूल अँड आणि ऑर मोजतच नाही, त्यामुळे त्याचा आकडा आणि रेडॉनचा आकडा एकाच तक्त्यात शेजारी मांडणे चुकीचे आहे. एक टूल निवडावे, त्याची आवृत्ती लिहून ठेवावी आणि वर्षभर तेच वापरावे.

सुरक्षा-चाचणीच्या कोडसाठी सरसकट एकच मर्यादा ठेवणे मला पटत नाही. निर्णय देणारी फंक्शन, म्हणजे ज्यांच्या उत्तरावर अहवालातील ओळ अवलंबून असते ती, कडक मर्यादेत ठेवावीत. कॉग्निटिव्ह ८ ते १० च्या आत ती सहज बसतात. प्रोटोकॉल उलगडणाऱ्या, चाळीस केसेसचा स्विच असलेल्या फंक्शनचा मॅककेब आकडा ४१ येईल, आणि तो पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण प्रत्येक केस स्वतंत्रपणे वाचता येते. कमांड लाइनवरील पर्याय वाचणारा भाग कुरूप असला तरी फारसे बिघडत नाही.

हॅलस्टेड आणि मेंटेनेबिलिटी इंडेक्स वापरावेत का?

मॉरिस हॅलस्टेड यांनी १९७७ मध्ये ऑपरेटर (क्रिया दाखवणारी चिन्हे) आणि ऑपरँड (ज्यांवर क्रिया होते ती नावे व मूल्ये) मोजून ‘आकारमान’ व ‘काठिण्य’ काढण्याची सूत्रे दिली. मेंटेनेबिलिटी इंडेक्समध्ये ते आकारमान, मॅककेबचा आकडा आणि ओळींची संख्या एकत्र करून १७१ मधून वजा करतात. व्हिज्युअल स्टुडिओ त्याचे ० ते १०० असे रूपांतर करते आणि २० पासून वर हिरवा रंग दाखवते. एवढे विविध घटक एकाच आकड्यात शिजवल्यावर तो का बदलला हे सांगता येत नाही. दाखवायला बरा, कामाला फारसा नाही.

गुंतागुंतीचा आकडा कमी असेल तर कोड सुरक्षित आहे, असे म्हणता येईल का?

नाही, आणि याची उदाहरणे फार बोलकी आहेत.

एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेल्या हार्टब्लीडमध्ये, म्हणजे ज्ञात त्रुटींच्या यादीतील सीव्हीई-२०१४-०१६० मध्ये, ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीने समोरच्याने सांगितलेली लांबी प्रत्यक्ष आलेल्या मजकुराशी ताडून न पाहता खरी मानली, आणि त्यामुळे एका विनंतीत ६४ किलोबाइटपर्यंत स्मृतीतील मजकूर बाहेर पडू शकत होता. दुरुस्ती म्हणून लांबी तपासणाऱ्या अटी घालण्यात आल्या. म्हणजे दुरुस्तीनंतर त्या फंक्शनचा मॅककेब आकडा वाढला. गुंतागुंत कमी करण्याचे बक्षीस ठेवणाऱ्या गटात ही दुरुस्ती आकड्यांच्या तक्त्यात पीछेहाट म्हणून दिसली असती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत अ‍ॅपलच्या कोडमधील ‘गोटू फेल’ची चूक समोर आली. एक ओळ दोनदा लिहिली गेली होती, दुसऱ्यांदा लिहिलेली ओळ कोणत्याही अटीत नव्हती, आणि त्यामुळे त्यापुढची सही पडताळणी कधी होतच नव्हती. विनाअट उडीमुळे निर्णयांची संख्या वाढत नाही, म्हणून हा आकडा जागचा हलत नाही. ओळीच्या आधीची मोकळी जागा मात्र वाचकाची फसवणूक करत होती. ती ओळ इफच्या आत आहे असे डोळ्यांना वाटत होते. फसव्या मांडणीचा इशारा देणारा पर्याय जीसीसी या सी कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, २०१६ मध्ये आला. ही चूक वाचनीयतेच्या खात्यात जमा करावी लागते.

संशोधनातही चित्र असेच मिश्र आहे. योंगही शिन आणि लॉरी विल्यम्स यांनी २००८ मध्ये मोझिलाच्या जावास्क्रिप्ट इंजिनवर केलेल्या अभ्यासात गुंतागुंत आणि सुरक्षा-त्रुटी यांचा संबंध कमकुवत आढळला. नंतर फायरफॉक्स आणि लिनक्स कर्नल यांवर केलेल्या मोठ्या अभ्यासात गुंतागुंतीबरोबर कोड किती वेळा बदलला आणि त्याला किती जणांचे हात लागले याची जोड दिल्यावर त्रुटी असलेल्या फाइली ओळखण्यास मदत झाली. आकडा आपल्याला कुठून वाचायला सुरुवात करावी हे सांगतो; वाचण्याचे काम तो करत नाही.

एक्सेप्टमध्ये चूक गिळण्याविषयी एवढा आग्रह का?

कारण सुरक्षा-चाचणीच्या टूलमध्ये याहून घातक आणि याहून नजरेआड राहणारी सवय दुसरी नाही, आणि गुंतागुंतीची मापे तिला चक्क उत्तेजन देतात.

वरच्याच उदाहरणात सर्व्हरने तीस सेकंदांत उत्तर दिले नाही, प्रमाणपत्राची मुदत संपली होती, किंवा मधल्या फायरवॉलने जोडणी तोडली, तर तिन्ही वेळा एक्सेप्ट ‘पुढे चला’ म्हणतो. यादीतील ते पान तपासलेच गेले नाही, तरी अहवालात ते निर्दोष पानांत मोजले जाते. खानापूर तालुक्यातील एखाद्या शाखेची जोडणी पावसाळ्यात तासभर गेली आणि नेमकी त्याच वेळी तपासणी चालू असली, तर संपूर्ण शाखा निर्दोष ठरू शकते.

आता आकडे पाहा. सगळ्या चुका एकत्र गिळणाऱ्या एक्सेप्टला मॅककेबचा फक्त १ गुण पडतो. वेळ संपणे, प्रमाणपत्राची चूक आणि तुटलेली जोडणी हे तिन्ही प्रकार वेगवेगळे हाताळले, तर ३ गुण पडतात आणि वर पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर लूपचा आणखी एक. प्रामाणिक कोड अधिक गुंतागुंतीचा ठरतो. म्हणूनच आकड्यांबरोबर एक साधी गणती स्वतंत्रपणे ठेवावी: चूक पकडून तिची नोंद न करणाऱ्या जागा किती आहेत. ही संख्या शून्यावर आणणे हे सायक्लोमॅटिकचा आकडा १४ वरून ९ वर आणण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.

मेटास्प्लॉइटच्या रचनेतून या बाबतीत शिकण्यासारखे आहे. त्यातील तपासणीची पद्धत होय किंवा नाही एवढेच सांगून थांबत नाही. अज्ञात, सुरक्षित, सेवा आढळली, असुरक्षित दिसते, असुरक्षित आहे आणि तपासणीची सोय नाही, अशी वेगवेगळी उत्तरे तिला देता येतात. ‘सेवा आढळली’ आणि ‘असुरक्षित आहे’ यांच्यातील अंतर कोडमध्येच नावाने नोंदले जाते, त्यामुळे वाचणाऱ्याला लेखकाचा आत्मविश्वास किती होता हे कळते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात किमान तीन उत्तरे असावीत, असा माझा आग्रह असतो.

पण मेटास्प्लॉइटनेच गुंतागुंतीचे नियम बंद ठेवले आहेत ना?

ही शंका रास्त आहे. त्या प्रकल्पाच्या रुबोकॉपच्या सेटिंग-फाइलीत सायक्लोमॅटिकचा नियम बंद आहे आणि तो बहुधा दिशाभूल करतो अशा आशयाची टीप शेजारी आहे. मेथडची लांबीही रुबोकॉपच्या नेहमीच्या १० ओळींऐवजी ३०० ओळींपर्यंत मान्य केली आहे, कारण एक्स्प्लॉइटची, म्हणजे त्रुटीचा वापर करून पाहणाऱ्या कोडची, व्याख्या अनेकदा दोनशे ओळी ओलांडते.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. एक्स्प्लॉइटच्या फाइलीत नाव, वर्णन, संदर्भ, लक्ष्य प्रणाल्या, पर्याय यांची लांब यादी असते, आणि ती वाचायला सरळ असते. त्याबरोबर त्या प्रकल्पाने स्वतःची तपासणी-स्क्रिप्ट ठेवली आहे, प्रत्येक मॉड्यूलची विश्वासार्हता, स्थैर्य आणि मागे राहणारे परिणाम नोंदवण्याची शिस्त लावली आहे, आणि येणारा प्रत्येक बदल माणसे वाचतात. आपल्याकडे तिघांचा गट असेल, रिव्ह्यूची सवय नुकती लागत असेल, तर नियम बंद करण्याआधी त्याची जागा घेणारी एवढी व्यवस्था आहे का, हे पाहावे.

वाचनीयता मोजता येते का?

काही प्रमाणात. रेमंड ब्यूस आणि वेस्टली वायमर यांनी १२० विद्यार्थ्यांकडून १०० छोट्या कोड-तुकड्यांना गुण देववले आणि त्यावरून एक मॉडेल तयार केले. एका ओळीत किती नावे आहेत आणि ओळ किती लांब आहे यांचा प्रभाव मोठा निघाला. नावांची सरासरी लांबी जवळजवळ निरुपयोगी ठरली. टिपांचा (कॉमेंटचा) प्रभाव मध्यमच होता. उलट बाजूने, सिमोने स्कालाब्रिनो आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १२१ मापे तपासली आणि प्रत्यक्ष आकलनाशी त्यांतील एकाचाही म्हणावा तसा संबंध जुळला नाही. वाचायला सुबक दिसणे आणि समजणे या दोन गोष्टी भिन्न आहेत.

म्हणून येथे यंत्रापेक्षा माणसाचे माप घ्यावे. गटातील ज्याने ते फंक्शन लिहिलेले नाही त्याला ते द्यावे आणि तीन प्रश्न लेखी विचारावेत: हे टूल कोणत्या परिस्थितीत ‘त्रुटी आहे’ म्हणेल, कोणत्या परिस्थितीत त्रुटी असूनही ‘नाही’ म्हणेल, आणि समोरच्या प्रणालीत हे काही बदलते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता न येणे ही वाचनीयतेतील खरी उणीव आहे. तिसऱ्या प्रश्नासाठी एनमॅपच्या स्क्रिप्टची रीत चांगली आहे: ल्युआ या भाषेतील प्रत्येक स्क्रिप्टच्या सुरुवातीला वर्णन आणि प्रकार लिहिलेले असतात, आणि ‘सुरक्षित’, ‘घुसखोर’, ‘सेवा बंद पाडणारे’ असे त्या प्रकारांचे अर्थ असल्याने फाइल उघडताच चालवणाऱ्याला सावध होता येते.

नावे आणि टिपा कोणत्या भाषेत लिहाव्यात? आमच्या गटात मराठी, कन्नड आणि कोकणी बोलणारे आहेत.

बेळगावात हा प्रश्न हमखास येतो, कारवारात आणि भालकीतही येत असणार. फंक्शन आणि व्हेरिएबलची नावे साध्या इंग्रजीत ठेवावीत, कारण लायब्ररीची नावे त्याच भाषेत असतात. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी नावांचे लेखन प्रत्येक जण वेगळे करतो, आणि हुबळीहून आलेल्या सहकाऱ्याला ती शोधताही येत नाहीत. तपासणीमागील तर्क सांगणारी सविस्तर नोंद मात्र गटाला ज्या भाषेत नेमके लिहिता येते त्या भाषेत लिहावी. मोडक्या इंग्रजीतील अर्ध्या ओळीपेक्षा चांगल्या मराठीतील किंवा कन्नडमधील परिच्छेद बरा. सहकाऱ्यासाठी त्याचे भाषांतर करून घेणे फार अवघड नाही.

कोडमधील मजकूर देवनागरीत असेल तर एक तांत्रिक खबरदारी घ्यावी. ‘दुसऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा र दोन-तीन वेगळ्या युनिकोड क्रमांनी टाइप होतो, पडद्यावर सारखाच दिसतो, पण तुलना केली की जुळत नाही. पानावर एखादा मराठी शब्द आहे का हे पाहून निर्णय देणारी तपासणी यामुळे गुपचूप फसते. तुलनेपूर्वी दोन्ही बाजूंचे युनिकोड सामान्यीकरण करावे, म्हणजे एकाच अक्षराचे वेगवेगळे क्रम एका रूपात आणावेत, आणि न दिसणारे जोडणी-चिन्ह वापरून लिहिलेला अर्धा र त्याने बदलत नसल्यामुळे तो वेगळ्याने त्याच रूपात आणावा. न दिसणाऱ्या चिन्हांचा धोका याहूनही मोठा आहे: केंब्रिजच्या संशोधकांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये दाखवले की मजकुराची दिशा बदलणारी चिन्हे टिपांमध्ये पेरून, वाचणाऱ्याला एक आणि कंपायलरला दुसरे दिसेल असा कोड लिहिता येतो. ही चिन्हे शोधणारी तपासणी रोजच्या बिल्डमध्ये असावी.

टेस्ट फाइली मोजमापात धराव्यात का?

टेस्टचा कोड धरावा, सैल मर्यादेने. टेस्टसाठी ठेवलेल्या बायनरी फाइलींना कोणतेही माप लागू होत नाही, आणि नेमकी तीच फट फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत वापरली गेल्याचे मार्च २०२४ मध्ये उघड झाले. मागच्या दाराचा कोड टेस्टच्या नमुना फाइली म्हणून ठेवलेल्या फाइलींत दडवलेला होता. फझरचे नमुने, पकडलेली पॅकेटे, बिघडवलेल्या पीडीएफ अशा फाइली सुरक्षा-चाचणीच्या प्रकल्पात ढिगाने असतात. प्रत्येक फाइल कशी तयार झाली याची आज्ञा किंवा स्क्रिप्ट शेजारी ठेवावी. ती नसेल तर ती फाइल न वाचलेली समजावी.

आमच्याकडे आधीच्या माणसाने लिहिलेली तीन हजार ओळींची स्क्रिप्ट आहे. सुरुवात कुठून करावी?

सगळी स्क्रिप्ट मर्यादेत बसवण्याचा प्रयत्न करू नये. प्रथम लिझार्ड चालवून सर्वात वरची दहा फंक्शन काढावीत. गिटच्या इतिहासातून गेल्या वर्षभरात कोणते भाग वारंवार बदलले ते पाहावे. दोन्ही यादींत असलेली फंक्शन आणि अहवालातील निकाल ठरवणारी फंक्शन एवढ्यांवरच लक्ष ठेवावे. बदल करण्यापूर्वी मुद्दाम त्रुटी ठेवलेला एक छोटा सर्व्हर स्वतःच्या यंत्रावर उभा करून स्क्रिप्ट त्या त्रुटी आज पकडते का, याची टेस्ट लिहून घ्यावी. नाहीतर सुबक झालेला कोड पूर्वी पकडत होता ते पकडेनासा होतो आणि कळत नाही. त्यानंतर मर्यादा फक्त नव्या आणि बदललेल्या फंक्शनना लावावी.

लांबलचक फाइल म्हणजे वाईट टूल, असा निष्कर्षही काढू नये. मूळ एएफएलचा मुख्य प्रोग्राम सुमारे ८,००० ओळींच्या एकाच सी फाइलीत होता आणि त्याने असंख्य बग शोधून दिले. पुढे एएफएल प्लस प्लसमध्ये त्या फाइलीचे अनेक तुकडे करण्यात आले. एकट्याने लिहिताना एक फाइल चालते, अनेकांनी मिळून वाढवायचे ठरल्यावर ती फार काळ चालत नाही.

टूल वापरण्याआधी ग्राहकाला कोड दाखवावा का?

ग्राहकाच्या प्रणालीवर काही चालवण्यापूर्वी लेखी परवानगी हवीच. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ नुसार अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलेल्या विनापरवानगी प्रवेशाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवानगीच्या पत्रात तपासणी काय करेल हे लिहावे लागते, आणि कोड वाचनीय असेल तर ते वर्णन कोडशी ताडून पाहता येते. संस्थेच्या संचालकांना सायक्लोमॅटिकचे आकडे दाखवण्यात अर्थ नाही. प्रत्येक तपासणी काय पाठवते, काय बदलते आणि किती ठिकाणी ‘ठरवता आले नाही’ असे उत्तर आले, एवढे एका पानावर द्यावे.

अंतिम वर्षाच्या प्रकल्प अहवालात कोणते आकडे द्यावेत?

निर्णय देणाऱ्या फंक्शनची यादी, त्या प्रत्येकाचा मॅककेब आणि कॉग्निटिव्ह आकडा, वापरलेले टूल व त्याची आवृत्ती, नोंद न करता चूक गिळणाऱ्या जागांची संख्या, आणि मुद्दाम ठेवलेल्या किती त्रुटी टूलने पकडल्या व किती सोडल्या. सरासरी देऊ नये. दोनशे फंक्शनपैकी एकशे नव्वद दोन-तीन ओळींची असतात, त्यामुळे सरासरी नेहमीच देखणी येते आणि ५० चा आकडा असलेले एकमेव फंक्शन तिच्यामागे दडून राहते. सोडलेल्या त्रुटींचा रकाना रिकामा ठेवण्याचा मोह होतो; परीक्षक जाणकार असतील तर तोंडी परीक्षेत ते नेमके त्याच रकान्यावर बोट ठेवतील.